लिंडनचा मोहोर आणि कोसुझूबाईंचा अर्ज

चैत्र लागला की कचेरीसमोरच्या कडुनिंबाचा मोहोर माझ्या अर्ज लिहिण्याच्या टेबलावर पडू लागतो. तो इतका बारीक असतो की पडल्याचा आवाज होत नाही. लिहिता लिहिता ओळीच्या मध्येच एक पांढुरके फूल येऊन बसते आणि ह्या जागी आपण स्वल्पविराम द्यायला विसरलो होतो की काय, असे क्षणभर वाटते. तीस वर्षे मी हा मोहोर फुंकर घालून उडवीत आलो. त्या एका उन्हाळ्यानंतर मात्र फुंकर घालण्यापूर्वी मी मान खाली घालून वास घेतो. मधासारखा, किंचित कडसर, दुपारच्या उन्हात तापलेला. समोर सातबाऱ्याच्या कामासाठी आलेला पक्षकार ताटकळत उभा असतो आणि मी जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गच्या बागेत जाऊन पोहोचतो. तिथे जूनच्या अखेरीस लिंडन नावाची झाडे फुलतात आणि अवघे गाव ह्याच वासाने गुंगून जाते.

माझे शिक्षण नववीपर्यंतचे. ही गोष्ट मी लपवीत नाही, कारण लपविण्याची मला कधी गरज पडली नाही. माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणावरून परत आल्याचे मला स्मरत नाही. ‘अर्जदार ही निराधार असून तिला कोणाचाही आधार नाही’ ह्या माझ्या वाक्यात एकच गोष्ट दोनदा आली आहे, असे एका तरुण वकिलाने हसून दाखवून दिले होते. त्याला काय कळणार? आधार नाही हे दोनदा सांगितल्यावाचून कचेरीला ऐकू जात नाही.

परंतु त्या वर्षी माझ्याच आधाराचा प्रश्न उभा राहिला होता. पत्नी जाऊन दोन वर्षे झाली होती. कचेरीत अर्ज संगणकावरून भरण्याची पद्धत आली होती आणि दिवसाकाठी एखाददुसरेच गिऱ्हाईक माझ्यापुढे बसे. मुलगी शुभांगी फोनवरून सांगत होती, “बाबा, आता ते टेबल आवरा. तीन महिने इकडे या, मग पुढचं बघू.” जावई श्रीरंगराव तिथल्या एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर आहेत. टेबल शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे ठेवून एप्रिलच्या शेवटी मी गेलो. परतल्यावर ते टेबल उचलायचे की त्यालाच देऊन टाकायचे, हे मनात ठरलेले नव्हते.

त्या तीन महिन्यांतला पहिला महिना मला धुक्यासारखाच आठवतो. संध्याकाळ मावळतच नसे. जेवणे उरकून, भांडी आवरून झाली तरी आकाशात दुधासारखा उजेड. शुभांगी मला बागेतल्या झऱ्यांवर नेई. त्या गावात जमिनीतून खारट, लोखंडी चवीचे पाणी येते आणि लोक ते औषध म्हणून पितात. पहिल्या दिवशी मी घरचा स्टीलचा पेला घेऊन गेलो आणि एक घोट घेऊन म्हणालो, “हे पाणी आपल्याकडे असतं तर लोकांनी विहीर बुजवण्यासाठी अर्ज केला असता.” शुभांगी हसली. आई गेल्यानंतर ती माझ्यासमोर अशी मोकळी हसल्याचे मला आठवत नव्हते.

आणि सकाळी साडेदहाला खालच्या मजल्यावरून तो आवाज येई. प्रथम तुणतुण्याचा भास झाला. नारायणगावच्या तमाशाच्या राहुट्या आमच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या पडत आल्या आहेत, त्यामुळे तुणतुणे मी झोपेतही ओळखतो. परंतु ह्या आवाजात तीन तारा होत्या आणि एका स्वरानंतर दुसरा येण्यापूर्वी इतकी शांतता असे, की पहिला पुरता विझून जाई. मग तारेवर काहीतरी चापट वस्तू लाकडासकट आपटल्याचा आवाज. मी जमिनीवर चटई अंथरून तिच्यावर आडवा होत असे आणि कान फरशीला लावून ऐकत असे. श्रीरंगरावांनी एकदा ते पाहिले आणि चटईला वळसा घालून ऑफिसला गेले.

“खाली कोण राहतं?” मी शुभांगीला विचारले.

“कोसुझू-सान. जपानी आहेत. गेशा आहेत त्या, बैठकीत नाच-वादन करणाऱ्या.”

मुलीच्या तोंडी तो शब्द मला रुचला नाही. गेशा म्हणजे काय हे मला ठाऊक आहे, असे मी समजत होतो. सगळेच पुरुष समजतात.

त्या मला प्रथम जिन्यात दिसल्या. वय पंचेचाळिशीचे असेल. राखाडी किमोनो, त्याच्या काठाशी फक्त गुडघ्याखाली एक बगळा. एस-बानने, म्हणजे तिथल्या लोकलने, फ्रँकफुर्टला निघाल्या होत्या, हातात कापडात गुंडाळलेले वाद्य, आणि लांब घोळदार काठ डाव्या हातात वर धरलेला. मला पाहताच त्या भिंतीशी सरून थांबल्या आणि इतक्या हळू वाकल्या की मला माझ्या पायातल्या रबरी चपलांची लाज वाटली. कचेरीबाहेर तीस वर्षे लोक माझ्यापुढे वाकत आले, पण त्यांना माझ्याकडून काही हवे असे. ह्या बाईंना काहीही नको होते.

पुढे शुभांगीने मला त्यांच्याकडे चहाला नेले. खोलीत सामान जवळजवळ नव्हते. एका लाकडी ठोकळ्यावर काळ्याभोर केसांचा टोप होता, कंगव्यांसकट, आणि त्याच्या शेजारी चार्जिंगला लावलेला मोबाइल. बैठकीची आमंत्रणे त्या मोबाइलवरच येत. कधी फ्रँकफुर्टच्या जपानी मंडळींची, कधी एखाद्या वस्तुसंग्रहालयाची. त्या सावकाश जर्मन बोलत, शुभांगी मराठीत सांगे, आणि मी जे म्हणे ते त्याच वाटेने उलट जाई. दोन भाषांच्या मध्ये माझी मुलगी बसली होती आणि दर चार वाक्यांनी “गेनाऊ, गेनाऊ” म्हणत होती, म्हणजे ‘अगदी बरोबर’.

कोसुझूबाई जपानातल्या एका गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावच्या. सोळाव्या वर्षी त्या एका घरात शिकायला राहिल्या. त्या घरातल्या मालकिणीला आई म्हणायचे आणि आधी आलेल्यांना ताई. नाव तिथेच मिळाले. कोसुझू म्हणजे लहानसे घुंगरू. पूर्वी बैठकीचा वेळ उदबत्तीवर मोजत, किती उदबत्त्या जळल्या त्यावरून. आता घड्याळ आहे, पण त्या अजूनही सरावाला बसताना एक उदबत्ती लावीत. त्या गावात गेशा कमी होत होत शेवटी त्यांचे घर बंद झाले. दोन वर्षांपूर्वी बाड हॉम्बुर्गमध्ये उन्हाळी महोत्सवासाठी त्या नाचायला आल्या. खाऱ्या पाण्याचा वास ओळखीचा वाटला, म्हणून राहिल्या. गावातल्या चार जर्मन बायका त्यांच्याकडे वाजवायला शिकत होत्या. त्यांपैकी एक निवृत्त टपालवाली होती आणि तिचा हात सर्वांत हलका आहे, असे बाई म्हणाल्या.

“आमच्यात एक रीत आहे,” त्यांनी चहा ओतता ओतता सांगितले. “गेशा काम सोडते तेव्हा ती गुरूंना आणि तायांना भाताचा डबा देते. डब्यात सगळा भात पांढरा असेल, तर ती पुन्हा येणार नाही. त्यात थोडा लाल चवळीचा भात असेल, तर दार उघडं आहे.”

“तुम्ही कोणता दिलात?”

“घर बंद झालं तेव्हा सगळ्यांनी पांढरा दिला. मी एका कोपऱ्यात लाल ठेवला. थोरल्या ताईंनी डबा उघडला, कोपरा पाहिला आणि झाकण लावलं.”

नंतर, पेले आवरताना, त्यांनी खरी गोष्ट सांगितली. राहण्याचा परवाना जुलैच्या मध्याला संपत होता. परदेशी लोकांच्या कचेरीत टेर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, ठरली होती. आपले काम काय आहे आणि ते इथे का करायचे आहे, हे एका पानात लिहून द्यायचे होते. त्यांनी सहा वेळा लिहायला घेतले आणि सहा वेळा कागद कोराच राहिला. परवाना न मिळाल्यास परत जाऊन भाचीच्या लोणच्यांच्या दुकानात उभे राहायचे, असे ठरले होते. मग कोपऱ्यातल्या त्या लाल भाताला काही अर्थ राहिला नसता.

शुभांगीने माझ्याकडे पाहिले. “माझे बाबा अर्जच लिहितात,” ती जर्मनमध्ये म्हणाली. ते मला भाषांतराशिवाय समजले.

त्या रविवारी मी जे लिहिले, ते माझ्या मते माझ्या हातचे उत्कृष्ट लेखन होते. फिक्या उन्हात खिडकीशी बसून, समासाची रेघ आखून, मी एक पूर्ण पान भरले. ‘अर्जदार ही परदेशी, एकाकी व असहाय स्त्री असून कोवळ्या वयात परिस्थितीने नाइलाजास्तव सदर व्यवसायात ढकलली गेली. तिचे मायेचे छत्र हरपले आहे. मायदेशी तिला कोणीही विचारणारे नाही. तरी दयाळू मायबाप सरकारने…’ शुभांगीने ते जर्मनमध्ये उतरवताना दोनदा पेन खाली ठेवले. मी समजलो की तिला गहिवरून आले.

कोसुझूबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले. हात मांडीवर, मान किंचित कललेली, जणू बैठकीतला पाहुणा एखादी दुःखद हकिकत सांगत आहे. वाचन संपल्यावर त्या म्हणाल्या, आणि शुभांगीला ते मला सांगायला बराच वेळ लागला:

“फार वाईट वाटलं. ही बाई कोण? तिच्यासाठी मला काही करता येईल का?”

मी समजावून सांगितले की अर्जाची भाषा अशीच असते. कागदावर माणूस उभा दिसला तर साहेब त्याला उभाच ठेवतात. बाई हसल्या, पण त्यांनी सही केली नाही. “मला कोणी ढकललं नाही,” त्या म्हणाल्या. “मी स्वतः त्या घराचं दार वाजवलं होतं. तीनदा. दोनदा परत पाठवलं.”

जिना चढताना मी रागावलो होतो, हे कबूल करतो. “मग त्यांनीच लिहावं,” मी शुभांगीला म्हणालो. “सहा वेळा बसल्या होत्या ना?”

“बाबा, त्या खोटं बोलू शकत नाहीत एवढंच.”

“मी खोटं लिहितो?”

ती दार उघडून आत गेली आणि तिने माझ्यासाठी चहा ठेवला.

त्या संध्याकाळी मी एकटाच बागेत गेलो. लिंडन नुकतेच उमलू लागले होते. त्या दुधाळ उजेडात बाकावर बसलो असता वास आला, कडुनिंबाचाच, आणि त्या वासाबरोबर हौसाबाई आल्या. आमच्या बाजूच्या एका फडात त्यांनी तिशी उलटेपर्यंत पायात चाळ बांधले होते. म्हातारपणी वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी त्या माझ्याकडे आल्या, तेव्हाही टेबलावर मोहोर पडत होता. मी त्यांना निराधार लिहिले, व्याधिग्रस्त लिहिले, नाइलाजास्तव लिहिले. वाचून दाखविले. हौसाबाईंनी पदर सावरला आणि विचारले, “रायटरसाहेब, समदं बेस हाय. पर ह्यात माझं नाचणं कुठं हाय वो?”

मी हसून म्हटले होते, “मावशी, नाचण्याला रकाना नसतो.”

अंगठा उमटवताना त्यांचा दुसरा हात टेबलाच्या कडेवर ठेका धरून होता. मानधन मंजूर झाले आणि त्यांनी मला पेढे आणून दिले. ते मी खाल्ले. इतकी वर्षे मी ही हकिकत माझ्या यशाची म्हणून सांगत आलो होतो. त्या बाकावर ती तशी राहिली नाही. फुलांवर मधमाशा होत्या, झाडच्या झाड गुणगुणत होते, आणि मला आठवत होती ती फक्त लाकडावर वाजणारी चार बोटे.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी कोरे कागद घेऊन खाली गेलो आणि शुभांगीकरवी म्हणालो की मला काही विचारावयाचे नाही, केवळ पाहावयाचे आहे. चार सकाळी मी त्या खोलीत बसलो. उदबत्ती जळे. बाई एकच वाक्य वाजवीत, तीस वेळा, आणि एकतिसाव्या वेळी मान हलवीत, जमले नाही म्हणून. टपालवाल्या बाई शिकायला येत तेव्हा त्यांची बोटे धरण्याऐवजी बाई समोर बसून तेच वाजवीत, आरशातल्यासारखे. दुपारचा उजेड चटईवरून सरकत सरकत त्या टोपाच्या कंगव्यापर्यंत पोहोचे. त्या चार दिवसांत मी जागा होतो की पेंगत होतो, हे आज मला नक्की सांगता येणार नाही.

पाचव्या दिवशी, बागेतल्या एका सभागृहात, मी त्यांना नाचताना पाहिले. चेहरा पांढरा, मानेच्या मागे मात्र रंग न लावलेली दोन टोके, तेवढीच खरी त्वचा. नाचणे म्हणावे तर त्या चाललेल्याही दिसल्या नाहीत. पंखा उघडला आणि नदी झाली. तो मिटला आणि पत्र झाले. कोणीतरी होडीची वाट पाहत होते आणि होडी येत नव्हती. एकही शब्द मला कळत नव्हता, तरी मला माझी पत्नी दिसली, एस. टी. स्टँडवर, हातात पिशवी, मी उशीर केल्यामुळे न रागावलेली. शुभांगीने माझा हात धरला. तिला कोण दिसले, ते मी विचारले नाही.

परतताना जिन्यात मी बाईंना विचारले, “काठ नेहमी डाव्याच हातात का धरता?”

बाईंनी सांगितले. शुभांगी लाल झाली.

“काय म्हणाल्या?”

“काही नाही, बाबा. जाऊ दे.”

“जाऊ दे काय? अर्जात लागेल.”

“त्या म्हणतात…” ती भिंतीकडे पाहून बोलली, “आल्झो, म्हणजे असं की, डाव्या हातानं धरलं की किमोनोची कड अशा बाजूला राहते, की कुणाचा हात आत जाऊ शकत नाही. आपण कला विकतो, एवढंच विकतो, हे रस्त्यातून जाणाऱ्यालाही न बोलता कळावं म्हणून.”

पहिल्या दिवशी मी जे समजलो होतो, ते बाईंना कळले असेल का, असे माझ्या मनात आले. कळलेच असेल. त्या दिवशीही काठ त्यांच्या डाव्याच हातात होता.

दुसरा अर्ज मी एका बैठकीत लिहिला. ‘मी सकाळी साडेदहा वाजता वाद्याच्या तीन तारा जुळविते. सोळाव्या वर्षापासून शिकत आहे, अद्याप शिकत आहे. पाहुण्याचा पेला रिकामा झाल्याचे त्याच्या आधी मला समजते. जो बोलत नाही त्याच्याशी मी बोलते, जो फार बोलतो त्याचे ऐकते, आणि ऐकलेले बाहेर नेत नाही. माझ्याजवळ एक पंखा आहे, त्याची मी नदी करते. ह्या गावातील चार स्त्रियांना मी हे शिकविते. त्यांपैकी एकीचा हात माझ्यापेक्षा चांगला होईल. किमोनोचा काठ मी डाव्या हातात धरते. हे काम मी येथे करीत आहे व येथे करीत राहू इच्छिते.’

शुभांगीने कागद उलटून पाहिला. “बाबा, ह्यात दया कुठे मागितली?”

“नाही मागितली.”

“‘तरी’? ‘विनंती’? ‘नम्र’?”

“नाही.” माझे पेन मात्र शेवटच्या रिकाम्या जागेवर टेकूनच राहिले. तीस वर्षांत मी ‘कृपा व्हावी’ असे लिहिल्यावाचून कागद संपविलेला नव्हता.

कोसुझूबाईंनी ऐकले. ह्या वेळी मान कललेली नव्हती. ऐकताना त्यांची बोटे मांडीवर हलत होती, तारा दाबल्यासारखी. मग त्यांनी सही केली, आणि मराठी कागदही मागून घेतला. वाचता येत नसला तरी राहू दे, म्हणाल्या.

परवाना दोन वर्षांनी वाढवून मिळाला. श्रीरंगराव म्हणाले, “बाबा, कागदपत्रं पूर्ण होती, टपालवाल्या बाईंनी शिफारस दिली होती, म्हणून झालं.” असेल. माझे मत निराळे आहे.

माझे निघण्याचे दिवस आले तेव्हा लिंडनची फुले वाळून वाटांवर पडली होती. निघण्याच्या सकाळी कोसुझूबाई वर आल्या. आदल्या आठवड्यात चहा पिताना मी म्हणालो होतो की मीही आता टेबल आवरणार, माझी विद्या संगणकाने गिळली. त्यांनी ते ध्यानात ठेवले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी एक लाकडी डबा ठेवला. उघडला, तर आत पांढराशुभ्र भात. लाल दाणा एकही नाही. मग त्यांनी बाहीतून कागदाची घडी काढून डब्याशेजारी ठेवली. तिच्यात मूठभर लाल भात होता. शुभांगीच्याच डब्यातली चवळी मागून नेली होती, हे मला नंतर कळले.

“हे तुम्ही ठरवायचं, म्हणतात त्या,” शुभांगी हळूच म्हणाली.

बाई वळून खिडकीबाहेर पाहू लागल्या. पाहुणा काय निवडतो हे न पाहणे, हाही त्यांच्या कामाचाच भाग असावा. मी बराच वेळ उभा होतो. विमानाची वेळ होत होती, श्रीरंगराव खाली गाडीत बसले होते. मग मी घडी उलगडली आणि लाल भात एका कोपऱ्यात नीट लावला. झाकण लागल्याचा आवाज ऐकून त्या वळल्या आणि वाकल्या. मीही वाकलो. माझे वाकणे वाईट होते, पण ते कोणाकडे काही मागण्यासाठी नव्हते.

टेबल मी झेरॉक्सवाल्याकडून परत आणले. गिऱ्हाईक अजूनही दिवसाकाठी एखाददुसरेच असते. चैत्रात हौसाबाई येतात, हयातीच्या दाखल्यासाठी. बाई जिवंत आहेत, एवढेच त्या कागदाला दरसाल सिद्ध करावयाचे असते. मी परतलो त्या वर्षापासून त्याला दुसरे एक पान टाचतो. ते मी त्यांच्या दारी चार सकाळी बसून लिहिले. त्यात त्यांच्या चाळांचे वजन आहे, ढोलकीवाल्याशी चाललेली त्यांची कुरबूर आहे, भर गर्दीत शिट्टी मारणाऱ्याकडे पाहून त्या कशी नुसती भुवई उचलीत आणि तो कसा खाली बसे, ते आहे. कचेरीतले बाबू दरवर्षी टाचणी काढून ते पान परत देतात. “अहो, हे लागत नाही.” मी म्हणतो, “ठाऊक आहे. तरी लावतो.”

ह्याही वर्षी ते परत आले. हौसाबाई माझ्यासमोरच्या बाकड्यावर बसल्या होत्या, नजर आता फारशी उरलेली नाही. मोहोर त्यांच्या पांढऱ्या केसांवर पडत होता आणि दोघांपैकी कोणी तो झटकीत नव्हते.

“आलं का माघारी?” त्यांनी विचारले.

“आलं, मावशी.”

“बरं झालं. वाचा मग पुन्यांदा. पहिल्यापासनं.”

मी पान सरळ केले आणि वाचू लागलो. टेबलाच्या कडेवर त्यांची बोटे वाजू लागली.